पोच

वजनकाट्यावरच्या खोलीची काच सकाळी पुसली तरी तासाभरात लाल व्हायची. गोव्यातल्या डिचोलीच्या खाणपट्ट्यात वावरलेल्यांना ती धूळ सांगायला नको. कीबोर्डच्या फटीत, चहाच्या कपाच्या कानात, नोंदवहीच्या शिवणीत, सगळीकडे ती असायची. २००७ च्या जानेवारीत मी पहिल्यांदा त्या खोलीत पाऊल टाकलं तेव्हा बाहेर टिपरांची रांग वळणापलीकडे गेली होती. आत काट्यावरचे काका माउसवर हात ठेवून एका पांढऱ्या पडलेल्या खिडकीकडे बघत बसले होते. ती खिडकी आमच्या प्रोग्रॅमची होती.

“बाय, परत थांबलां,” ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

काम तसं साधं. टिपर काट्यावर चढला की ग्रॉस वजन, त्यातून रिकाम्या टिपरचं टेअर वजा, उरलं ते खनिज, साधारण दहा टन. काकांनी ‘नोंदवा’ दाबायचं, आकडा पणजीच्या सर्व्हरकडे जायचा, सर्व्हरने होकार दिला की चिठ्ठी छापून निघायची आणि टिपर जेटीच्या वाटेला लागायचा. तिथून पुढे बार्ज, मांडवी आणि मुरगाव बंदर. टिपरवाल्याचा पैसा ट्रिपवर. बँकेचा हप्ता, डिझेल, ड्रायव्हरचा पगार, सगळं दिवसाकाठी किती ट्रिपा झाल्या त्यावर. काट्यावर वीस मिनिटं खोळंबा झाला की रांगेतल्या प्रत्येकाची अर्धी ट्रिप गेली. ते नुकसान कुठल्याच हिशेबात दिसत नसे, म्हणून ऑफिसात त्याची चर्चाही होत नसे.

खिडकी पांढरी का पडते, हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. आमचा प्रोग्रॅम जावा या भाषेत लिहिलेला. तिच्यातल्या खिडक्या काढणाऱ्या स्विंग या भागात खिडकी रंगवणं आणि बटणावरची टिचकी ऐकणं ही दोन्ही कामं एकच थ्रेड, म्हणजे एका वेळी एकच काम करणारा धागा, करतो. त्याला इव्हेंट डिस्पॅच थ्रेड म्हणतात. आमच्या आधीच्या मंडळींनी बटणाच्या मागे थेट सर्व्हरला हाक मारणारी ओळ लिहिली होती. हाक मारली की उत्तर येईपर्यंत तो थ्रेड तिथेच उभा. तो उभा तर रंगवायला कुणी नाही, ऐकायलाही कुणी नाही. पणजीतल्या ऑफिसात सर्व्हर त्याच मजल्यावर, उत्तर डोळ्याचं पातं लवायच्या आत यायचं. तिथे चाचणी घेतलेला प्रोग्रॅम डोंगराआडच्या काट्यावर बसवला गेला, आणि तिथली लाइन वाऱ्याच्या मनावर चालायची.

लाइन गेली की कनेक्शनही तुटतं असा आपला समज असतो. तसं होतंच असं नाही. मध्येच तार मुकी झाली तर दोन्ही टोकांना पत्ताच लागत नाही. वाचायला बसलेला थ्रेड वेळेची मर्यादा घातली नसेल तर बसूनच राहतो. आमच्याकडे मर्यादा घातलेली नव्हती.

आणखी एक गोष्ट मला त्या खोलीतच कळली. खिडकी अडकल्यावर काकांनी बटणावर आणखी तीनदा टिचकी मारली होती. कुणीही मारेल. त्या टिचक्या वाया गेल्या नव्हत्या, त्या रांगेत बसून होत्या. बारा मिनिटांनी लाइन परत आली, थ्रेड सुटला आणि पहिली धरून चारही टिचक्या एकामागोमाग चालल्या. एका टिपरच्या चार नोंदी, चार चिठ्ठ्या. काकांनी तीन चिठ्ठ्या फाडल्या, वहीत लाल पेनाने काट मारली आणि पुढच्या टिपरला हात केला. ती वही चाळली तर जवळजवळ प्रत्येक पानावर लाल काट होती. आमची चूक एक माणूस रोज हाताने निस्तरत होता आणि ते आमच्यापर्यंत कधी पोचलंच नव्हतं.

त्या वर्षीच्या पावसात आम्ही ते सगळं नव्याने लिहायला घेतलं. पावसाळ्यात खाणीत पाणी, बार्जची वाहतूक मंदावलेली, काटे जवळजवळ बंद; आमच्यासारख्यांना लिहायला तोच मोसम. जावा ६ डिसेंबर २००६ मध्ये आलं होतं आणि त्यात स्विंगवर्कर हा क्लास पहिल्यांदाच जावाच्या अंगभूत सामानात आला होता. लांबचं काम त्याच्या डू-इन-बॅकग्राउंडमध्ये टाकायचं, ते वेगळ्या थ्रेडवर चालतं. संपलं की डन ही मेथड पुन्हा त्या रंगवणाऱ्या थ्रेडवर येते आणि खिडकीत निकाल मांडते. आठवडाभरात खिडकी पांढरी पडायची थांबली. बटण दाबताक्षणी निष्क्रिय होऊ लागलं. आम्ही खूश.

पण चिठ्ठी अजून अडकलेलीच होती. खिडकी जिवंत होती, कोपऱ्यात एक चक्र फिरत होतं आणि टिपर काट्यावर उभाच होता. शिवाय स्विंगवर्करच्या पोटात एकूण दहाच थ्रेड असतात. दहा हाका सर्व्हरकडे लोंबकळत राहिल्या की अकरावं काम काही न बोलता मागे बसून राहतं. वाट बघणं आम्ही फक्त दुसऱ्या खोलीत हलवलं होतं.

ऑगस्टमध्ये एका दुपारी, बाहेर पाऊस कोसळत असताना, मी फळ्यासमोर उभी राहून स्वतःलाच विचारत होते की टिपरला पुढे जाण्यासाठी सर्व्हरकडून नेमकं काय हवंय? आणि उत्तर आलं की काहीच नाही. वजन काट्याने केलं होतं. ते घडून गेलं होतं. सर्व्हर ‘नाही’ म्हणाला असता तरी त्या टिपरमधलं खनिज एक किलोनेही हललं नसतं. आम्ही सर्व्हरला विचारत होतो, तिथे फक्त सांगायचं होतं.

विचारणं आणि सांगणं यातला फरक घरात आपल्याला बरोबर कळतो. ‘जाऊ का?’ म्हटलं की उंबऱ्यावर थांबायचं असतं, ‘जाऊन येते’ म्हटलं की चप्पल पायात असते. प्रोग्रॅम लिहिताना मात्र आपण प्रत्येक गोष्ट विचारण्याच्या साच्यात घालतो, कारण मेथडला हाक मारायची आणि ती परत येईपर्यंत थांबायचं ही भाषेतली सर्वांत सोपी ओळ असते. सोपी लिहिणाऱ्याला. तिची किंमत कुणी दुसरा उन्हात उभा राहून देतो. हे मला तेव्हा फार लागलं होतं आणि अजूनही लागतं.

सांगण्यासाठीची यंत्रणा जावाच्या जगात आधीपासून होती. जेएमएस, म्हणजे जावा मेसेज सर्व्हिस, १९९८ मधली. पाठवणारा आणि घेणारा यांच्यामध्ये एक निरोप्या बसतो, त्याला ब्रोकर म्हणतात. निरोप त्याच्या रांगेत टाकायचा आणि आपल्या कामाला लागायचं. घेणारा जागा असेल तेव्हा उचलेल. निरोप टिकाऊ म्हणून पाठवला तर ब्रोकर तो आधी डिस्कवर लिहितो आणि मगच ‘घेतला’ म्हणतो, म्हणजे वीज गेली तरी तो राहतो. सर्व्हरच्या बाजूला निरोप उचलायला मेसेज-ड्रिव्हन बीन हा प्रकार २००१ च्या ईजेबी २.० मध्ये, म्हणजे सर्व्हरवरच्या जावा घटकांसाठीच्या मानकात, आला. रांगेत काही आलं की कंटेनर, म्हणजे सर्व्हरवर त्याला सांभाळणारा प्रोग्रॅम, त्याला उठवतो; एरवी त्याला कुणी हाक मारत नाही.

काट्याची लाइन गेली तर ब्रोकरपर्यंत पोचणंही शक्य नाही, म्हणून काट्याच्याच संगणकावर आम्ही एक छोटा डेटाबेस ठेवला. तेव्हाच्या सन कंपनीच्या जेडीकेसोबत, म्हणजे जावात लिहिण्याच्या सामानासोबत, जावा डीबी हा डेटाबेस मिळायचाच. वजन झालं की ते आधी तिथे लिहायचं, लगेच चिठ्ठी छापायची, टिपर सोडायचा. मागे एक थ्रेड शांतपणे त्या तक्त्यातल्या नोंदी लाइन असेल तसतशा ब्रोकरकडे नेऊन टाकेल. तीच नोंद दोनदा गेली तर? जाणारच. नोंद ब्रोकरकडे पोचली पण ‘घेतला’ हे आपल्यापर्यंत यायच्या आत लाइन गेली, तर आपण ती पुन्हा पाठवणार, पाठवायलाच हवी. म्हणून वजन झाल्या क्षणीच काट्यावर प्रत्येक नोंदीला कायमचा क्रमांक द्यायचा आणि सर्व्हरच्या डेटाबेसला सांगायचं की हा क्रमांक दुसऱ्यांदा दिसला तर गुपचूप सोडून दे. काकांची लाल पेनाची काट आता डेटाबेस मारणार होता.

हे सगळं मांडताना माझ्या डोळ्यासमोर एक ॲल्युमिनियमचा डबा होता, हे मी तेव्हा ऑफिसात कुणाला सांगितलं नव्हतं.

आमचं घर अस्नोड्याला. वडील पणजीत एका छापखान्यात. सकाळी लवकर निघायचे, तेव्हा जेवण व्हायचं नसे. मग साडेनऊच्या बसने आई डबा पाठवायची. कंडक्टर ओळखीचा; ड्रायव्हरच्या मागे एक आकडा होता त्याला असे पाच-सहा डबे लटकलेले असायचे. पणजीला स्टँडवर छापखान्याचा पोऱ्या तो उतरवून घ्यायचा. आई बस गेली की दारात थांबायची नाही. विहिरीवर, परसात, शिवणाच्या मशीनवर, तिचा दिवस भरलेला असे. संध्याकाळच्या बसने रिकामा डबा यायचा. तो हातात घेऊन ती एकदा हलवायची. रिकामा वाजला की झालं. ती त्याला ‘पोच’ म्हणायची. “पोच आली,” आणि डबा घासायला.

५ जुलै १९८६ ला मांडवीवरचा पूल कोसळला. मी सात-आठ वर्षांची होते. त्यानंतर बस बेतीपर्यंतच. तिथून माणसं फेरीबोटीने पणजीला, भर पावसात, दाटीवाटीने. नवा पूल १९९२ मध्ये सुरू होईपर्यंत आमच्या डब्याच्या वाटेत एक नदी आली. कंडक्टर बेतीला डबा फेरीतल्या कुणाच्या तरी हाती द्यायचा, पलीकडे पोऱ्या धक्क्यावर उभा असायचा. एका हाताचे तीन हात झाले. त्या दिवसांत डबा हलवून बघण्याच्या आधी आईचा चेहरा बदललेला मला आठवतो. एकदा डबा आलाच नाही. वडील रात्री उशिरा आले, जेवलेले होते, डबा पलीकडे धक्क्यावर राहिला होता इतकंच. पण संध्याकाळी सहा ते रात्री दहा आईने मशीनला हात लावला नव्हता. दिवसभर जी बाई एकदाही वाट बघत बसली नाही, ती पोच चुकल्यावर चार तास नुसती बसून राहिली.

म्हणून मला ‘फायर अँड फर्गेट’ हा आमच्या धंद्यातला शब्दप्रयोग कधी आवडला नाही. टाकला आणि विसरला. विसरता येतं ते पोच येण्याचा भरवसा असतो म्हणून. भरवसा नसेल तर माणूस विसरत नाही, तो आतल्या आत थांबून राहतो.

नंतरच्या वर्षांत हत्यारं पुष्कळ सुधारली. डिसेंबर २००९ मधल्या जावा ईई ६ ने, म्हणजे जावाच्या सर्व्हरसाठीच्या आवृत्तीने, ईजेबीच्या मेथडवर असिंक्रोनस असा एक शब्द लिहायची सोय दिली. हाक मारणारा लगेच मोकळा, काम मागे चालू. सोय चांगली, पण ते काम कुठे लिहून ठेवलेलं नसतं. मध्ये सर्व्हर पडला की ते गेलं. मी पैशाच्या नोंदीसाठी ते कधी वापरलं नाही. २०१३ च्या जावा ईई ७ मध्ये वेबसॉकेट आलं, सर्व्हर आपणहून क्लायंटला, म्हणजे वापरणाऱ्याच्या समोरच्या प्रोग्रॅमला, काही कळवू शकेल अशी उघडी वाट. २०१४ मध्ये जावा ८ सोबत कम्प्लीटेबलफ्यूचर आलं, त्याने ‘हे झालं की ते कर’ अशी साखळी लिहिणं सोपं केलं. आता सप्टेंबर २०२३ च्या जावा २१ मध्ये व्हर्च्युअल थ्रेड आहेत. एका यंत्रावर लाखो थ्रेड खुशाल थांबून राहू शकतात, थांबण्याचं यंत्राला काही वाटत नाही. नवी मुलं म्हणतात, मग आता असिंक्रोनसचं एवढं कौतुक कशाला? कोड लिहिण्यापुरतं त्यांचं म्हणणं खरं आहे आणि सरळ वाचता येणारा कोड मलाही हवा असतो. मी त्यांना एवढंच विचारते की यंत्राचं थांबणं स्वस्त झालं, टिपरवाल्याचं किती झालं?

पण मी हे विचारते तेव्हा मला माझे अकरा दिवस आठवतात.

२०११ च्या फेब्रुवारीतली गोष्ट. नवी व्यवस्था तीन मोसम उत्तम चालली होती. काट्यावर रांग नव्हती. खिडकीत प्रत्येक नोंदीपुढे एक हिरवी खूण यायची आणि काका त्या खुणेवर निर्धास्त होते. काकांनीच फोन केला. सत्तरी तालुक्यातला एक टिपरमालक काट्यावर येऊन बसलाय, म्हणतोय पंधरवड्याच्या हिशेबात आपल्या नव्या टिपरची एकही ट्रिप धरलेली नाही. काका म्हणाले, “पण बाय, सगळ्यांपुढे हिरवी खूण आहे.”

मी शोधत गेले ते थेट मेलेल्या निरोपांच्या रांगेपाशी. ब्रोकरमध्ये एक डेड लेटर क्यू असते. घेणाऱ्याला निरोप पचला नाही, त्याने चूक फेकली, तर ब्रोकर तो पुन्हा देऊन बघतो. आम्ही वापरत होतो त्या ॲक्टिव्हएमक्यूमध्ये आपण काही बदललं नाही तर असे सहा पुनर्प्रयत्न होतात. मग निरोप बाजूला त्या रांगेत जातो आणि तिथे पडून राहतो. पत्ता न सापडलेली पत्रं टपाल खात्यात जशी बाजूला ठेवतात, तसं. ही रचना योग्यच आहे, एका खराब निरोपापायी सगळी रांग तुंबू नये. फक्त त्या रांगेकडे बघायचं काम कुणाचं, हे आम्ही ठरवलंच नव्हतं. नवा टिपर काट्यावरच्या यादीत चढवला गेला होता, पण सर्व्हरवरच्या कंत्राटाच्या यादीत त्याचा क्रमांक राहून गेला होता. सर्व्हर दर वेळी म्हणत होता, हा कोण? आणि त्याचं हे म्हणणं काट्यापर्यंत यायला वाटच नव्हती.

कारण हिरवी खूण मी लावली होती. ब्रोकरने निरोप घेतला की हिरवी. त्या एका ओळीत मी ‘निरोप्याच्या हाती दिला’ याला ‘पोचला’ म्हटलं होतं. कंडक्टरने डबा आकड्याला लटकवला आणि मी आईला सांगितलं, वडील जेवले.

दुरुस्ती करायला चार दिवस लागले. खिडकीत एका खुणेच्या तीन केल्या: लिहिलं, पाठवलं, हिशेबात लागलं. तिसरी खूण सर्व्हरच्या डेटाबेसमध्ये नोंद पक्की झाल्यावर तिथून उलटा निरोप येईल तेव्हाच. त्या उलट्या निरोपात मूळ नोंदीचा क्रमांक कोरिलेशन आयडी म्हणून, म्हणजे कुठल्या नोंदीची ही पोच ते कळावं. उत्तरासाठी तात्पुरती रांग वापरायची पद्धत सर्रास आहे, पण ती कनेक्शन असेपर्यंतच जगते. आमची कनेक्शनं दिवसातून दहादा जायची. म्हणून प्रत्येक काट्याला त्याच्या नावाची कायमची रांग दिली. लाइन दोन दिवसांनी आली तरी त्याच्या पोचा तिथे त्याची वाट बघत असतील. नाकारलेली नोंद लाल दिसेल आणि शेजारी कारण मराठीत. तिसरी खूण संध्याकाळपर्यंत न आलेल्या नोंदींची यादी काटा बंद करताना आपोआप छापली जाईल. काकांना ही यादी सगळ्यात आवडली. ती ते वहीत चिकटवून ठेवत.

सप्टेंबर २०१२ मध्ये सरकारने खाणी थांबवल्या, पुढच्या महिन्यात सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला आणि काट्यावरची खिडकी एका दिवसात निरुपयोगी झाली. तो कोड आता कुठल्याशा डिस्कवर असेल. मी पुढे दुसऱ्या क्षेत्रात गेले, पण कुठलाही क्लायंट लिहायला घेतला की आधी कागदावर तीन चौकोन काढते.

त्या टिपरमालकाकडे मी स्वतः गेले होते. हिशेब विभागाचं म्हणणं, बाजूच्या रांगेत सापडलेल्या नोंदींवर आम्ही पैसे सोडू शकत नाही, छापील चिठ्ठ्या आणा. चूक माझी होती, तेव्हा चिठ्ठ्या मागायला दुसऱ्या कुणाला पाठवणं मला पटेना. वाळपईच्या पुढे, पोफळींच्या बागेला लागून घर. ओसरीवर त्यांनी मला बसवलं, पाणी आणि गूळ पुढे केला. साठीचे असतील. मी सगळं सांगितलं, खूण कुणी लावली तेही. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. मग आत जाऊन बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन आले. त्यात तारखेवार लावलेल्या चिठ्ठ्या, रबर लावून. अकरा दिवस, अठ्ठावन्न ट्रिपा. प्रत्येक चिठ्ठीवर धुळीचं बोट उमटलेलं.

मी हात पुढे केला, पण त्यांनी गठ्ठा लगेच दिला नाही.

“नेतेस तर पोच लिहून दे, बाय.”

भिंतीवरच्या कालनिर्णयचं जानेवारीचं पान त्यांनी फाडून दिलं. मी त्याच्या पाठीवर लिहिलं, ५८ चिठ्ठ्या मिळाल्या, पहिल्या आणि शेवटच्या चिठ्ठीचा क्रमांक, तारीख, वेळ, सही. त्यांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं, शेवटचा क्रमांक चिठ्ठीशी ताडून पाहिला, पानाची घडी करून रिकाम्या डब्यात ठेवली आणि मग गठ्ठा माझ्या हातात दिला.